तिला आवडेल असं काहीतरी

आषाढ निम्मा सरला की माझ्या आयुष्यात दोन गोष्टी एकाच आठवड्यात येतात. कोल्हापुरात आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चातुर्मासाची कलशस्थापना होते आणि तिकडे जपानमध्ये ॲनिमेचा नवा हंगाम सुरू होतो. या दोहोंचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे मला कळतं. पण आईचा फोन येतो, "औंदा महाराज आपल्यातच ऱ्हाणार हायत चार महिनं," आणि तेव्हाच माझ्यासमोर लॅपटॉपवर नव्या मालिकांची चित्रं ओळीनं मांडलेली असतात. कुणाच्या हातात तलवार, कुणाच्या डोळ्यांत पाणी, कुणाचे केस निळे. मी "हो का, बरं झालं" म्हणते आणि बोटानं पडदा वर सरकवत राहते. पुण्यातल्या या खोलीत कुणी बघायला नसतं, तरी मला चोरून काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं.

ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून, असं मी विचारणाऱ्याला सांगते. सांगताना जीभ जरा अडखळते, कारण ती लहान मुलांसाठीच असतात असं नाही. त्यांच्यात बँकेतले कारकून असतात, विधवा असतात, राक्षस असतात आणि कढईत काहीतरी परतत बसलेली माणसंही असतात. वर्षातून चार वेळा नव्या मालिकांचा असा ढीग येतो की आपल्याला काय आवडेल हे शोधून काढणं हाच एक उद्योग होऊन बसतो. लोक त्यासाठी इंटरनेटवर गट काढतात, एकमेकांना विचारतात, भांडतात. "मला अमुक आवडलं, आता तसंच काहीतरी सांगा." मीही विचारलं आहे. फक्त त्या वर्षी मी जे विचारलं ते माझ्यासाठी नव्हतं.

त्या वर्षी मृगाच्या सुमारास मी नवऱ्याचं घर सोडून कोल्हापूरला परत आले. मारहाण नव्हती, दुसरी बाई नव्हती, सासू तर माझ्यापेक्षा गरीब. दोघं एका घरात राहून एकमेकांना दिसेनासे झालो होतो, इतकंच. पण "इतकंच" हे कारण कळंब्याच्या रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत चालत नाही. तिथं ठसठशीत काहीतरी लागतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी सांगणंच बंद केलं. मग हळूहळू बोलणंही. कामही घरबसल्या, असं की सगळं टाईप करून भागायचं. घरात माझे शब्द उरले ते "हो", "नको" आणि "ठेव तिथं". अण्णा, माझे वडील, पाण्याच्या मोटारींच्या दुकानात सकाळी जायचे ते रात्रीच परतायचे. त्यांनी एकदाच विचारलं, "बरं हाय न्हवं?" मी मान हलवली. ते बिचारे तेवढ्यावर समाधानी झाले, किंवा तसं दाखवलं.

आमच्यात जेवणं सूर्य मावळायच्या आत उरकतात. पावसाळ्यात सूर्य मुळात दिसतच नाही, त्यामुळे आई घड्याळाकडे बघून घाई करायची. दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, भात. अण्णांचा डबा दुकानात जायचा, ते तिथंच काउंटरमागं उजेडी जेवून घ्यायचे. भांडी घासून झाली की बाकीच्या कॉलनीत तेव्हा कुठं कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागायच्या, आणि आमच्या घराला मात्र काही काम उरायचं नाही. बाहेर धो धो पाऊस, आत दोरीवर न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास. ती मोकळी संध्याकाळ मला खायला उठायची. मी खोलीत जाऊन कानात इयरफोन घालून ॲनिमे लावायची.

एक दिवस आई निवडायचे तांदूळ सुपात घेऊन आत आली. "मी बसतो की हितं. तू बघ तुझं." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, बसतो, जातो. पलंगाच्या कडेला बसून ती खडे निवडायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "काय म्हणतीया ती पोरगी?" खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती, ती तिला वाचता येत नव्हती. मी इयरफोन काढला आणि नाइलाजानं म्हणाले, "ती म्हणते, मी परत येईन." आई म्हणाली, "आणि त्यो?" मी तेही सांगितलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. तासभर मी जपानी माणसांची बोलणी मराठीत वाचून दाखवत होते. गप्प बसायची सवय झालेला माझा घसा दुखायला लागला होता.

आता खरं सांगायचं तर मला आवडायच्या त्या तलवारीच्या मालिका. रक्ताच्या चिळकांड्या, तुटलेले हात, सूड. मऊ बोलणाऱ्या जैन घरातली मी, उकळलेलं पाणी गाळून पिणारी, आणि मला हे आवडायचं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर एकाचं मुंडकं उडालं आणि आई "आगं आगं आगं" करत सूप तसंच टाकून उठली. पुन्हा आली ती पदरानं डोळे झाकूनच. "झालं का मारून? सांग झालं की." नंतर एक लढाई बघून तिला हसू आवरेना. त्यातला हिरो दर वेळी आपल्या डावाचं नाव ओरडून सांगायचा आणि मग मारायचा. "डाव सांगून मारतोय व्हय गं ह्यो? समोरचा काय उभा ऱ्हातोय का ऐकत?" मला लाज वाटली, तिच्यासमोर असलं लावलं म्हणून. त्या दिवसापासून मी तिला आवडेल असं काहीतरी शोधायला लागले.

स्वयंपाकाची एक मालिका लावली तर पहिल्याच भागात अख्खा मासा जाळीवर. शाळेची लावली तर आई अस्वस्थ. "हिची आई कुठाय?" नाही, म्हटलं, वारली. दुसरी लावली. "हिची?" हिचीही वारली. तिसरीतली परदेशात. तोपर्यंत माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं की ॲनिमेतल्या पोरी एकट्या राहतात, एकट्या रांधतात, आणि त्यांच्या आया फोटोच्या चौकटीत असतात. आई प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारायची आणि उत्तर ऐकून सूप जरा जोरात पाखडायची. शेवटी मी एका गटावर जाऊन लिहिलं, की अशी मालिका सुचवा जिच्यात कुणी मरत नाही, कुणी कुणाला खात नाही आणि नायिकेची आई जिवंत आहे. लोकांनी पोट धरून हसणारी चित्रं पाठवली. एकानं लिहिलं, तुला ॲनिमे नको आहे, तुला सुट्टी हवी आहे.

पण सापडली. डोंगरातल्या एका गावात मायलेकी परटाचं दुकान चालवतात. लेक शहरातून परत आलेली. पाऊस थांबत नाही, कपडे वाळत नाहीत, गिऱ्हाईकं येऊन चहा पिऊन जातात. एक अख्खा भाग एका शर्टावरचा डाग निघतो की नाही यावर होता. आईनं दोरीवरच्या अण्णांच्या ओल्या पँटकडे बघितलं आणि म्हणाली, "हे आपलंच की." मला कोण आनंद झाला! एवढ्या मोठ्या ढिगातून मी नेमकं तिचं माणूस शोधून आणलं, असं वाटलं. मग त्याच्यासारखं आणखी एक, मग आणखी. मी तिच्या आवडीची जाणकार झाले. कोणतीही नवी मालिका दोन मिनिटं बघून सांगू शकायचे, ही आईला चालेल, ही नाही. स्वतःला काय आवडतं हे विचारणं मी कधी सोडलं ते मला कळलंही नाही. पण त्यात एक सुख होतं. बऱ्याच दिवसांनी मी कुणाच्या तरी उपयोगी पडत होते.

मग चातुर्मास लागला. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडणार की नाही याचीच सगळीकडे चर्चा. बस्तीच्या दारात ओल्या छत्र्यांचा खच पडलेला. प्रवचन झालं की लोक महाराजांपुढे जाऊन नियम घेत. नियम म्हणजे आवडती एखादी गोष्ट चार महिन्यांसाठी सोडायची. कुणी चहा सोडला, कुणी चप्पल. एका काकांनी क्रिकेट सोडलं तेव्हा त्यांच्या बायकोनं हात जोडले. आईची पाळी आली. मला खात्री होती ती आमची मालिका सोडणार. मनातल्या मनात मी तिची समजूत घालायचीही तयारी केली होती. ती म्हणाली, "नमोस्तु महाराज. गूळ सोडतो."

जेवणानंतर गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय तिला जेवल्यासारखं वाटत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी माझा जीव भांड्यात पडला. पायऱ्या उतरताना मी लाडात येऊन म्हणाले, "मला वाटलं तू परटीणबाईंना सोडतेस." ती छत्री उघडत होती, काडी अडकली होती. तिकडेच बघत ती म्हणाली, "ते कशाला? आवडतंय ते सोडायचं असतंय."

ती टोमणा मारत नव्हती. तिला टोमणे मारता येत नाहीत. तिनं फक्त नियम कसा असतो ते सांगितलं आणि छत्री माझ्या डोक्यावर धरली. रिक्षा मिळेपर्यंत मी त्या छत्रीखाली तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. रोज तासभर मी तिला काय ऐकवत होते? पाठ दुखत असताना, पलंगाच्या कडेला, न कळणाऱ्या भाषेतली चित्रं. आणि वर स्वतःची पाठ थोपटत होते, की हिची आवड मी ओळखली. तिला काय आवडतं हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. एवढं मोठं जाळं टाकून मी जे पकडलं होतं ते तिची आवड नव्हतं. तिला माझ्यासाठी काय काय सोसवतं, तेवढंच माझ्या हाती लागलं होतं.

पुढचे दिवस मी काम आहे म्हणून लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे फिरवून बसायची. आई सूप घेऊन दारात यायची, बघायची, परत जायची. मला वाटायचं, सुटली बिचारी. तिची सुटका पक्की करावी म्हणून त्या रविवारी प्रवचन झाल्यावर मी आईच्या शेजारून एकटीच उठून महाराजांपुढे गेले. महाराज म्हातारे, मिस्कील, आवाज मोठा. "बोल बाळ, काय सोडणार?" मी म्हणाले, "ॲनिमे." "ते काय असतं?" "जपानी चित्रांच्या मालिका, महाराज." मागं बायकांमध्ये खसखस पिकली. "लई आवडतं?" "लई," मी म्हणाले, आणि खोटं काहीच बोलत नव्हते. त्यांनी पिंछी उचलली, मोरपिसांचा तो कुंचा माझ्या डोक्यावर ठेवणार, इतक्यात मागून आईचा आवाज आला.

"न्हाय महाराज. तिला त्यो नियम देऊ नका."

सगळ्या माना मागं वळल्या. आईला मी चारचौघांत मोठ्यानं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. महाराज म्हणाले, "आगं, लेक सोडतीय म्हणतीय, तर सोडू दे की. तुला का त्रास?"

"ते सोडलं तर घरात आवाज ऱ्हाणार न्हाय, महाराज. मला त्यातलं काय सुदिक कळत न्हाय. त्या पोरी एकसारख्याच दिसत्यात मला. पण वाचून दाखवताना तेवढी बोलती ती. दिवसभरात तेवढंच." एवढं बोलून ती खाली बसली आणि पदरानं उगीचच गुडघे झाकत राहिली.

माझे कान तापले. सगळ्या कॉलनीसमोर मी मुकी ठरले होते, आणि ते खरं होतं. महाराजांनी पिंछी हातातच धरून ठेवली होती. त्यांनी एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "माझ्याकडं लोक मौन घ्यायला येत्यात. तू मौन सोड. चार महिने." आणि पिसं माझ्या डोक्याला लागली.

मौन सोडणं गूळ सोडण्यापेक्षा अवघड असतं. गूळ नुसता खायचा नाही. इथं रोज काहीतरी बोलायचं होतं. सुरुवातीला मी रिक्षाचं भाडं, भाजीचे दर, पंचगंगेचं पाणी असलं काहीबाही बोलायची आणि आई "व्हय का" म्हणायची. मालिका पुन्हा सुरू झाली. तिला आवडत नाही हे आता दोघींना माहीत होतं, तरी ती सूप घेऊन यायची आणि मी लावायची. पूर्वी वाचताना मला मजा यायची, आता प्रत्येक वाक्याला टोचणी लागलेली. असंच एका संध्याकाळी मालिकेतली आई इस्त्री करता करता लेकीला विचारते, तू परत का आलीस. मी ते मराठीत वाचलं. लेकीचं उत्तर खाली उमटलं आणि पुसून गेलं. मी ते वाचलं नाही. मी माझं सांगितलं. एका घरात राहून दिसेनासं कसं होता येतं, ते जमेल तसं सांगितलं. आईनं एक खडा वेचून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "बरं." बस्स, तेवढंच. पडद्यावरच्या मायलेकी केव्हाच तिसऱ्याच विषयावर गेल्या होत्या.

त्यानंतरचं सगळं सोपं झालं असं नाही, पण झालं. दिवाळीनंतर मला पुण्याची नोकरी मिळाली. आता मी दिवसभर बोलते. मिटिंगमध्ये बोलते, गिऱ्हाइकांशी बोलते, घरमालकिणीशी वाद घालते. आईनं चारचौघांत लाज सोडून जो आवाज परत मिळवला, तो मी इकडे वाटेल त्याला वाटत फिरते आणि तिच्या वाट्याला आठवड्यातून दोन फोन येतात. तेही पलीकडून कुकर झाला का, पाऊस आहे का, एवढ्यात संपतात. बरी होऊन मी तिथून निघून गेले, याचं मला वाईट वाटतं. बरं होऊ नये असं थोडंच होतं? तरी वाटतं.

आणि नवा हंगाम आला की हा लॅपटॉप मला माझी आवड सांगायला लागतो. "तुमच्यासाठी खास" म्हणून तो जे मांडतो त्यात शांत गावं असतात, चहा असतो, पाऊस असतो, कुणी मरत नाही. त्याच्या हिशेबी मी एक अत्यंत सात्त्विक बाई आहे. तलवारीची मालिका तो मला दाखवतही नाही. मी ती नाव घालून शोधते, दोन मिनिटं बघते आणि बंद करते. मला काय आवडतं हे मला ठाऊक आहे, पण ते लावायला हात धजावत नाही. लॅपटॉपनं शिकून ठेवलेली ती आवड माझी नाही, आईचीही नाही. आम्ही दोघी एकमेकींसाठी जे सोसत बसलो होतो, त्यातून तिसरीच कुणी बाई तयार झाली, आणि तिला काय आवडतं ते त्याला तंतोतंत माहीत आहे.

गेल्या आठवड्यात मी त्या बाईसाठी म्हणून एक नवी मालिका लावली. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या म्हातारीची. संध्याकाळची जेवणं झाली असतील अशा बेतानं आईला व्हिडिओ कॉल केला आणि म्हटलं, वाचून दाखवू? ती म्हणाली, "दाखव की." फोन तिनं भिंतीला टेकवून ठेवला, उशी घेतली, आडवी झाली. मी वाचायला लागले. म्हातारी दुकान उघडते, काटे फिरवते, शेजारीण येते. थोड्या वेळानं बघते तर आईचं तोंड किंचित उघडं, डोळे मिटलेले. तिला झोप लागली होती. फोन ठेवायला हवा होता. एवढं कंटाळवाणं ऐकवलं की बिचारी झोपली, असं मनात येऊन मला पुन्हा तेच जुनं वाटलं, छत्रीखालचं. तरी मी ठेवला नाही. आवाज कमी करून वाचत राहिले.

मग तिकडं दार वाजलं. अण्णा त्या दिवशी दुकानातून लवकर आले असावेत. भिजलेली टोपी काढत ते चौकटीत आले. वाकून त्यांनी फोनमध्ये बघितलं.

"आगं, झोपली हाय ती," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो, दिसतंय. ठेवते मी आता."

"ठेवू नको." त्यांनी तिच्या अंगावर पांघरूण ओढलं. "तू गेल्यापासनं नीट डोळा लागत न्हाय तिचा. आज लागलाय. तू थांबलीस की उठंल ती."

ते खाली बसले, भिंतीला टेकून, फोनच्या कडेला फक्त त्यांचा गुडघा दिसत होता. घड्याळवाल्या म्हातारीचा भाग केव्हाच संपला होता. मी पुढचा लावला आणि वाचायला लागले.